कुलगुरू साहेब, ‘जिल्हा बीदर’ हे उत्तर चुकीचं होतं का?

प्रति,
मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
आणि मराठवाड्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांचे सगळे डीन साहेब

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं लिहायलेय, कारण बंद पाकिटातलं पत्र आवक-जावक रजिस्टरात नंबर पडला की तिथंच झोपतं, एवढं नोकरीत शिकले. मी उदगीरची, ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. एमएस्सी झूलॉजीला गेले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि उदगीरची कॉलेजं नुकतीच नांदेडला जोडली जायला लागली होती, म्हणून दोन्ही विद्यापीठं मला आपलीच वाटतात आणि म्हणून पत्र दोघांनाही. विषय म्हातारपणातल्या मेंदूच्या आजारांचा आणि त्यावरच्या संशोधनाचा.

सहा वर्षांपूर्वी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात दाखवायला नेलं. अण्णा मोंढ्यात आडतीवर गुमास्ता होते, चाळीस वर्षं. पोलीस ॲक्शनच्या वेळी अकराएक वर्षांचे, शाळा निजामाच्या काळातली, उर्दू लिहिता-वाचता येणारे. स्मरणाची टेस्ट घेणारा पोरगा गुणी होता, बोलायला गोड, पण मराठी तिकडचं आणि हातात छापील कागद. त्यानं विचारलं, आजोबा, आपण कुठल्या जिल्ह्यात राहता? अण्णा म्हणाले, जिल्हा बीदर. शून्य मार्क. मी म्हणायला गेले की अहो उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं, तर मॅडम तुम्ही मधे बोलू नका. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, तिथं थांबायचं असतं पण अण्णा कशाला थांबतायत, त्यांनी पार दोनवर आणून सोडलं आणि वर विचारलं, बाकी दोन कुठं लिहू? पैकीच्या पैकी. पोरगा एकदम खूश. रिपोर्ट आला की त्रास सौम्य आहे, वयोमानानुसार.

त्याच संध्याकाळी लॉजवर अण्णांनी मला हात जोडून विचारलं, बाई, तुम्ही कोणाच्या?

साहेब, ज्या प्रश्नाला शून्य मिळालं तिथं त्यांचं डोकं साठ वर्षांपूर्वीच्या गावात फिरत होतं, म्हणजे तिथं काहीतरी शिकण्यासारखं होतं, आणि जिथं पैकीच्या पैकी मिळाले ते चाळीस वर्षांची हाताची सवय होती, पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला सात वजा करणं म्हणजे श्वास घेणं. टेस्ट दोन्हीकडून फसली. आणि हा त्या पोराचा दोष नाही, कागदाचा आहे. जगभर वापरतात ती मिनी मेंटल टेस्ट 1975 साली अमेरिकेत तयार झाली, तिथल्या शाळा शिकलेल्या माणसांसाठी.

माझी आत्या तर अंगठा उठवणारी. तिला कोणी घड्याळाचं चित्र काढा म्हणालं तर ती पेन्सिल हातात घेऊन हसत बसेल, आणि कागदावर लिहिलं जाईल की घड्याळ काढता आलं नाही. आजची तारीख विचारली तर सांगता येणार नाही, तिला ती कधीच सांगता येत नव्हती, पण अमावास्येला किती दिवस आहेत आणि बाजार परवा आहे का तेरवा हे ती झोपेतही सांगते. ज्या दिवशी तिचा बाजाराचा दिवस चुकेल त्या दिवशी मी तिला डॉक्टरकडं नेईन. हा प्रश्न कुठल्या टेस्टमधे आहे?

असं करता येतं हो. नव्वदच्या दशकात हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत केलं होतं. तिथल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी टेस्ट हिंदीत नव्यानं बसवली, वाचून डोळे मिटा म्हणायच्या ऐवजी माझ्याकडं बघा आणि मी करतो तसं करा, वजाबाकी जमत नसेल तर आठवड्याचे वार उलटे म्हणा. साधी गोष्ट, पण त्यासाठी कोणीतरी चावडीवर जाऊन बसलं होतं. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) पुढं भारतीय भाषांसाठी टेस्टचा एक संच केला, त्याची तपासणी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत झाली. त्या पाचात मराठी नव्हती. आणि समजा मराठी आली तरी कुठली मराठी? देगलूर-धर्माबादकडं तेलुगू मिसळलेली, निलंगा-देवणीकडं कन्नड मिसळलेली, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात दखनी, आणि अण्णांसारख्यांच्या डोक्यात हे सगळं एका गाठोड्यात.

आता मुद्द्याचं. दोन्ही विद्यापीठांनी मिळून म्हातारपणातल्या मेंदूच्या आजारांवर, अल्झायमर, पार्किन्सन्स आणि त्यांची बाकीची भावंडं, संशोधनाचा एक कायमस्वरूपी कार्यक्रम उभा करावा, एवढी माझी मागणी आहे. ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली दोनदा रेघ मारलीय असं समजा.

प्रमाण केवढं म्हणाल तर 2023 मधे देशपातळीवरच्या लासी-डॅड या अभ्यासाचे आकडे आले, साठीच्या पुढच्यांत 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मरण आणि समज ढासळत जाणं), म्हणजे देशात 88 लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. खेड्यातली, बाई, न शिकलेली. हे वर्णन कोणाचं आहे ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. पण आपल्याकडं ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवायची पद्धत, म्हातारचळ लागला म्हणायचं, फारच झालं तर बाहेरचं काहीतरी झालं म्हणून उतारा टाकायचा, आणि घरातली सून सगळं निस्तरत राहते. काही जणांचा विसरभोळेपणा तर बी-12 कमी पडल्यानं किंवा थायरॉईडनं असतो, तो औषधानं सुधारू शकतो, पण साधं रक्त कोणी तपासत नाही. माझ्या एका सहकारी मॅडमच्या सासूबाई अशा होत्या, सहा महिने इंजेक्शनं घेतल्यावर पुन्हा भिशीचा हिशोब ठेवायला लागल्या. सगळ्यांचं असं होत नाही. अण्णांचं नाही झालं.

अल्झायमर आत कसा चालतो ते मी बारावीच्या पोरांना असं सांगते. पेशीच्या बाहेर अमायलॉईड नावाच्या प्रोटीनचे थर साचतात, पेशीच्या आत टाऊ नावाच्या प्रोटीनचा गुंता होतो. जर्मन डॉक्टर आलोईस अल्झायमरनं 1906 साली एका बाईच्या मेंदूत हे दोन्ही दाखवलं, ती बाई हॉस्पिटलात आली तेव्हा पन्नाशीची होती. पार्किन्सन्समधे प्रोटीन वेगळं, मेंदूतली जागा वेगळी, डोपामिन (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या कितीतरी आधीच गेलेल्या असतात. अल्झायमरमधेही साचायला सुरुवात होते ती माणूस विसरायला लागायच्या पंधरा-वीस वर्षं आधी. म्हणजे अण्णा मोंढ्यात बसून क्विंटल-किलोचा हिशोब बिनचूक करत होते तेव्हाच आत वाळवी लागली असणार. म्हणून पेशंट झालेला माणूस पकडून त्याचा अभ्यास करणं म्हणजे जत्रा उठल्यावर दुकान मांडणं. धडधाकट माणसं घ्यायची, पंचेचाळीसच्या पुढची, आणि त्यांच्यामागं वीस वर्षं चालायचं. मी आता पन्नाशीच्या पुढं आहे, पहिलं नाव माझं लिहा.

हे स्वप्नरंजन नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात हेच करतंय, पंचेचाळीसच्या पुढच्या 10 हजार गावकऱ्यांना धरून वर्षानुवर्षं तपासत राहायचं. तो तालुका आपल्या तालुक्यांसारखाच. फरक इतकाच की त्यांच्या मागं मोठ्या देणगीचा पैसा आहे आणि आपल्याला तो जमवावा लागेल.

त्याहून मला कोलंबियाचं उदाहरण आवडतं. मेडेयीन शहरातल्या अँटिओकिया विद्यापीठात फ्रान्सिस्को लोपेरा नावाचे न्यूरॉलॉजिस्ट होते, 2024 ला वारले. ऐंशीच्या दशकात शिकत असताना त्यांच्याकडं डोंगराकडचा एक पेशंट आला, वय चाळिशीचं आणि स्मरण गेलेलं, घरात बापाचंही तसंच झालेलं आणि आजोबाचंही. लोपेरा त्या गावांत गेले. बंदुका, अपहरण, ड्रगवाल्यांच्या मारामाऱ्या, असल्या काळात. चर्चमधली बारशाची जुनी रजिस्टरं काढून कुटुंबाचा वेल जोडत गेले, हजारो माणसांचं खटलं निघालं, आणि 1995 ला त्यांच्यातला जीनमधला बिघाड सापडला. आज जगातल्या मोठमोठ्या लॅब त्या प्रांतातल्या विद्यापीठाच्या दारात उभ्या असतात. 2019 ला तर त्यांच्यातलीच एक बाई जगापुढं आली, तोच बिघाड असून सत्तरीपर्यंत टिकलेली, आणि ती का टिकली यातून औषधाचा नवा रस्ता शोधणं चालू झालं. त्या विद्यापीठाकडं सुरुवातीला होतं काय? एक चिकट डॉक्टर, गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई आणि जुनी रजिस्टरं.

रजिस्टरं आपल्याकडं कमी आहेत का? माझ्या लहानपणी कर्नाटकाच्या बाजूनं हेळवी यायचे, सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे. त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय चोपड्यातून खापरपणजोबांची सही काढून दाखवतात. आणि आपल्यात मामाची पोरगी करायची, सख्ख्या भाचीला सून करून आणायची पद्धत, त्यामुळं काही दुर्मीळ आजार एकेका घरात ठाण मांडून बसतात, कमी वयात होणाऱ्या पार्किन्सन्सचा एक जीन तर असाच आहे, आई आणि बाप दोघांकडून आला तरच बाधतो. (हे लिहिलं म्हणून कोणी रागावू नका, आमच्या घरातही हेच आहे.)

आता अडचण सांगते, जी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय पण कोणी मोठ्यानं बोलत नाही. 1998 ला नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि मेडिकल कॉलेजं तिकडं गेली. तेव्हापासून पेशंट एका विद्यापीठाकडं आणि झूलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक, सायकॉलॉजी, समाजकार्य, संख्याशास्त्र, भाषा हे सगळं दुसऱ्याकडं. मेंदूचा आजार काही हा बांध बघून होत नाही. घाटीच्या (संभाजीनगरच्या सरकारी हॉस्पिटलच्या) ओपीडीत रोज मराठवाडाभरातून माणूस येतो, अंबाजोगाई तर ग्रामीण भागासाठीच काढलेलं कॉलेज, लातूर आहे, नांदेड आहे. तिथल्या डॉक्टरला श्वास घ्यायला वेळ नाही आणि आपल्या डिपार्टमेंटमधल्या पोरांना पेशंट बघायला मिळत नाही. तर पहिलं काम एमओयू, म्हणजे सामंजस्य करार. पण शाल-श्रीफळ आणि फोटोवाला नको, त्यात लिहा की आठवड्यातले अमुक दिवस सायकॉलॉजीचे दोन विद्यार्थी ओपीडीत बसतील, रक्ताचा नमुना कोण काढणार, कुठं ठेवणार, एथिक्स कमिटी कुठली, पेपरवर नाव कोणाचं. नावाचं आधीच ठरवा, नाहीतर सगळं त्याच्यावरच मोडतं.

भाषेचं मी वर बोलले ते नुसतं टेस्टपुरतं नाही. 2013 ला हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या 648 पेशंटचा अभ्यास छापला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि अंगठेबहाद्दर माणसांतही तसंच दिसलं. यावर वाद आहेत, सगळ्या अभ्यासांत तसं निघत नाही. पण विचार करा, जगात लोक दोन भाषा बोलणारी म्हातारी माणसं शोधत फिरतात आणि आपल्या उदगीरच्या चौकात तीन भाषांत भांडण होतं. अण्णा आता मराठी सोडत चाललेत. सकाळी मला विचारतात, “कायकू आए तुम?” मला दखनी कळते पण त्यांची शाळेतली उर्दू कळत नाही, मग शेजारच्या चाची येऊन बसतात आणि दोघं काहीतरी बोलतात, अण्णा शांत होतात, जेवतात. नंतर शिकलेली मराठी लिखापढी आधी का गेली आणि लहानपणची उर्दू का राहिली? निजामाच्या शाळेत शिकलेली ही शेवटची पिढी आहे साहेब. पाच-दहा वर्षांनी हा प्रश्न विचारायला माणूस उरणार नाही, त्यामुळं निदान हे काम तरी फंड येईपर्यंत थांबवू नका. उर्दू, मराठी, भाषाशास्त्र आणि सायकॉलॉजी यांचे चार लोक, एक रेकॉर्डर आणि एसटीचा पास एवढ्यात सुरू होतं.

पार्किन्सन्सबद्दल मात्र मी जरा तापून बोलणार. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तीस वर्षं कापसावर फवारणी केली, पाठीवर पंप, तोंडाला उपरणं. साठीच्या आत हात थरथरायला लागले, आधी घरच्यांना वाटलं दारू, ते दारू पीत नाहीत, मग वाटलं लकवा, तीन वर्षांनी नाव कळलं. फवारणीनंच झालं असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून तसं म्हणताच येत नाही, पोरांना मी तेच शिकवते. पण 1982 ला कॅलिफोर्नियात काही तरुण पोरांनी भेसळीचं ड्रग टोचून घेतलं आणि काही दिवसांतच त्यांना पार्किन्सन्ससारखं झालं, त्या भेसळीतून शरीरात जे विष तयार होतं त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळती निघाली. 2000 साली रोटेनोन हे कीटकनाशक देऊन उंदरांत तसाच आजार उभा करून दाखवला. फ्रान्सनं 2012 ला शेतकऱ्यांमधला पार्किन्सन्स हा धंद्यातून होणारा आजार म्हणून मान्य केला. युरोपात पॅराक्वाट 2007 पासून बंद, आपल्याकडं कृषी केंद्रात मिळतं.

आणि आपला शेतकरी एक औषध कुठं मारतो? एका पंपात दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, वर एखादं टॉनिक, दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलं तसं. त्या मिसळीचं पेशीवर काय होतं ते कोणी तपासलंय? कंपनी आपापल्या बाटलीपुरतं तपासते. इथं आपल्या झूलॉजीच्या लॅबला खरं काम आहे आणि त्याला कोट्यवधी लागत नाहीत. सी. एलेगन्स नावाचा मिलीमीटरभर गोल जंत, पेट्रीडिशमधे जगतो, जेमतेम तीन आठवडे आयुष्य, मोजून 302 चेतापेशी, त्यातल्या डोपामिनवाल्या कुठल्या तेही माहिती आहे, जंत पारदर्शक असल्यानं चमकणारं प्रोटीन घातलेल्या त्या पेशी मरताना मायक्रोस्कोपखाली दिसतात. फळमाशीही अशा कामाला चालते. औसा, परळी, जिंतूर, जिथून मिळेल तिथून शेतकऱ्यांच्या खऱ्या मिसळी आणा आणि या जंतांवर लावा. एमएस्सीच्या पोरांना असलं प्रोजेक्ट मिळालं तर ती इंटरनेटवरून उचलून थिसीस लिहिणार नाहीत, निदान सगळी नाहीत.

खाजकुइलीचंही कोणीतरी बघा. तिच्या बियांत एल-डोपा असतं, तेच जे पार्किन्सन्सच्या गोळीत असतं, हे मद्रासच्या दोन संशोधकांनी 1937 लाच दाखवलं होतं. लोक आज ऑनलाईन पावडर मागवून गोळीबरोबर खातात, डॉक्टरला सांगत नाहीत, डोस दुप्पट होतो का काय होतं देवाला माहिती. आपल्या रानात उगवणाऱ्या वेलीत किती एल-डोपा आहे एवढं मोजणं तर केमिस्ट्रीवाल्यांच्या हातचं काम आहे.

गावं कशी निवडायची यावर थोडं. फक्त ‘विद्यापीठापासून जीप जाऊन संध्याकाळी परत येईल’ अशी निवडू नका. बीडकडची काही घ्या, जिथून दसरा-दिवाळी झाली की कोयते (ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या) निघतात आणि गावात उरतात म्हातारे आणि लहान लेकरं, आजी विसरायला लागली तर बघणारं माणूस सहा महिने घरात नसतं आणि आठ वर्षांच्या नातवाला ते कळत नाही. तिथं तपासणीचं वर्ष कॅलेंडरप्रमाणं धरलं तर निम्मी कुलपं सापडतील, पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोड संपून माणसं परतल्यावर, जावं लागेल. आणि किल्लारीची घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपावेळी जे चाळिशीत होते ते आज सत्तरीच्या पुढं आहेत. डोक्याला मार हे डिमेन्शियाच्या धोक्यांपैकी एक, मनावरचा मार वेगळाच, आणि वर 52 गावं उठून नव्या जागी बसली. अशा पुनर्वसित गावातल्या एका आजोबांचं ऐकलंय, ते रात्री उठून ‘घरी जातो’ म्हणून निघतात आणि सापडतात जुन्या गावठाणात, दगडांच्या ढिगापाशी, बरोब्बर आपल्या घराच्या जागेवर. रस्ता चुकत नाहीत हे लक्षात घ्या. असं गाव, असा प्रसंग, असा मेंदू जगात दुसरीकडं कुठं बघायला मिळणार?

वय विचारताना आधार कार्डावर जाऊ नका, निम्म्यांची जन्मतारीख 1 जानेवारी किंवा 1 जून आहे, मास्तरांनी टाकलेली. रझाकाराच्या वेळी केवढे होता, बहात्तरला खडी फोडायला कोण गेलं होतं, असं विचारा.

पैसा. संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं अनुसंधान फाउंडेशन आलंय, त्यांची मोठ्या संस्थेला छोट्या विद्यापीठांशी जोडून द्यायची योजना आहे, आयसीएमआर आहे, डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आहे, तुमच्याकडं हे बघणारी माणसं आहेत, मी काय सांगू. फक्त एक विनंती, पहिल्या हप्त्यात बिल्डिंग बांधू नका. बिल्डिंग झाली की उद्घाटन होतं, उद्घाटन झालं की उत्साह संपतो. पहिल्या हप्त्यात माणसं ठेवा. गावात फिरणारी चार-सहा पोरं-पोरी अकरा महिन्यांच्या करारावर घेऊन दरवर्षी बदलली तर म्हाताऱ्यांचा विश्वास बसत नाही, आजी दरवर्षी नव्या पोरीला तीच कहाणी सांगणार नाही. आणि पीएचडीवाला चार-पाच वर्षांत थिसीस घेऊन निघून जातो, गाईड रिटायर होतात, कपाटाची किल्ली हरवते. डेटा गाईडचा नको, विद्यापीठाचा पाहिजे, त्याला सांभाळणारा पगारी माणूस पाहिजे, ग्रंथालयाला ग्रंथपाल असतो तसा.

मशीनमधे एकच गोष्ट मागते, रक्त ठेवायला उणे ऐंशीचा फ्रीझर, आणि त्याच्यासोबत जनरेटर, आणि जनरेटरसोबत डिझेलला बजेट. उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हा काय होतं ते मला सांगायची गरज नाही. एका लॅबमधे (नाव घेत नाही) एका सुट्टीच्या दिवसात कोणाच्या तरी पाच वर्षांच्या नमुन्यांचं पाणी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, ती मुलगी जिन्यात बसून रडत होती. रक्त जपणं आता महत्त्वाचं आहे, कारण अल्झायमरची चाहूल रक्तातून सांगणाऱ्या टेस्टला 2025 मधे अमेरिकेत पहिल्यांदा मंजुरी मिळालीय. पण किडनी अधू असली की त्या टेस्टमधला आकडा फुगू शकतो, आणि शुगर-बीपीनं किडन्या गेलेली माणसं आपल्याकडं ढिगानं. तिकडचा कट-ऑफ इथं जसाच्या तसा लावला तर पुन्हा ‘जिल्हा बीदर’सारखंच होईल. अल्झायमरवरच्या त्या महागड्या नव्या इंजेक्शनांची बातमी वाचून लोक मला फोन करतात, त्यातलं लेकॅनेमॅब दीड वर्षात घसरण 27 टक्क्यांनी हळू करतं, तेही सुरुवातीच्या पेशंटमधे आणि पुन्हा पुन्हा एमआरआय काढून. आपल्याकडं सुरुवातीचा पेशंट ओळखताच येत नाही, इंजेक्शन कोणाला देणार?

गावाला काय मिळणार हे मात्र पहिल्या दिवशी ठरवा. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठी कोळ्यांची गावं आहेत, तिथं हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार पिढ्यानपिढ्या. 1979 पासून नॅन्सी वेक्सलर आणि त्यांची टीम वर्षानुवर्षं तिथं जात राहिली, त्या लोकांच्या रक्तावर 1993 ला जीन सापडला, आज जगात कोणालाही ती टेस्ट करता येते. आणि ते कोळी अजून गरिबीतच, कित्येकांना साधी देखभालही नाही. आपण असं करायचं नाही. जो माणूस नाव नोंदवेल त्याची शुगर, बीपी, बी-12, थायरॉईड, कान आणि डोळे तपासून चिठ्ठी त्याच्या हातात द्या. यात दानधर्म काही नाही, 2024 च्या लॅन्सेट कमिशननं जे 14 धोके सांगितले, जे आवरले तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असं ते म्हणतात, त्यात शुगर, बीपी, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, कमी शिक्षण हे सगळं आहे. संमतीपत्र मराठीत पाहिजे आणि सुनेला समजेल असं पाहिजे, कारण अंगठा आजोबांचा असला तरी निभावणार ती आहे.

आशाताईंना विसरू नका. त्यांच्या फॉर्ममधे साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आधीपासून आहे, जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का. आमच्या आशाताईंनी अण्णांच्या फॉर्मवर ‘हो’ लिहिलं. मी विचारलं, आता पुढं? त्या म्हणाल्या, मॅडम, पुढं काही नसतं, ऑनलाईन भरते. मराठवाड्यात असे किती ‘हो’ पडून असतील साहेब, त्यांच्यापासूनच सुरुवात करा, नवीन सर्व्हे कशाला.

माझ्याकडं देण्यासारखं एवढंच आहे. त्या लॉजवरच्या रात्रीपासून मी एक वही घातलीय, अण्णांच्याच जुन्या लाल बासनातली कोरी खातेवही. डावीकडं काय गेलं, उजवीकडं काय राहिलं, तारीखवार. कधी माझं नाव गेलं, कधी आईचं गेलं, कधी आई पुन्हा आली, कुठल्या दिवशी कुठली भाषा. सहा वर्षांची आहे, दोन-तीन ठिकाणी खाडा आहे, एकदा मी आजारी होते आणि एकदा मलाच लिहावंसं वाटलं नाही. सायन्सच्या दृष्टीनं एका माणसाची वही म्हणजे काहीच नाही हे मला कळतं. तरी झेरॉक्स लागली तर काढून ठेवते, आणि गावोगाव फिरायला माणूस लागला तर बोर्डाचे पेपर तपासून झाल्यावर मी मोकळी असते. फक्त बाजाराच्या दिवशी बोलावू नका. त्या दिवशी अण्णांना सकाळी दहाला मोंढ्यात नेऊन तासभर बसवावं लागतं, नाहीतर ते एकटे निघतात.

आपली माजी विद्यार्थिनी,
उदगीर, जिल्हा लातूर (पूर्वीचा बीदर)